कॅस्मिर अंकलचं मौन

कॅस्मिर अंकलना मठाधिपती व्हायचं होतं. वसईचा हा माणूस, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतून दीड वर्षात घरी पाठवलेला, मग पंचवीस वर्षं दुबईच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेल सांभाळणारा. इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट त्यांच्या नावावर आणि आम्ही सहा जण त्यात भाड्यानं खाटा घेऊन राहणारे. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला: चर्चच्या जुन्या पुस्तकांत त्यांना आठव्या शतकातल्या एका बेनेडिक्टाइन मठाधिपतीचं चरित्र सापडलं.

तो मठाधिपती दलदल उपसायचा, पाहुण्यांचे पाय धुवायचा, पाळीनं स्वयंपाकही करायचा. अंकलनी यातलं काही उचललं नाही. भांडी आम्हीच घासायचो. त्यांनी उचललं ते जेवतानाचं मौन. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलो की सगळ्यांचे फोन डब्यात, तोंडं बंद, आणि अंकल बिशपसारखा आवाज लावून ते चरित्र वाचणार. आम्ही हे मुकाट्यानं सोसायचो, कारण दुसरीकडे धड खाट मिळायची मारामार. सांगायला लाज वाटते.

एसी दुरुस्त करणाऱ्या रॉयडनच्या आईचं एका रविवारी वसईत हृदयाचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी तिला त्याच्याशी बोलायचं होतं. त्यानं फोन जवळ ठेवू का म्हणून अंकलना विचारलं.

"अरे, ट्वेंटी मिनिट्सचं रीडिंग आहे. इन्शाल्ला, काही होत नाही. रूल इज रूल."

डब्यात त्याचा फोन तीनदा थरथरला. रॉयडन अर्धवट उठला. अंकलनी वाचता वाचताच हात वर केला आणि तो बसला. तेहतीस वर्षांचा बाप्या, शाळकरी पोरासारखा बसला! आम्ही भातावर सांबारं वाढून घेतलं.

वाचन संपल्यावर त्यानं फोन लावला, तेव्हा आईला आत नेलं होतं. ती शुद्धीवर आलीच नाही.

दफन करून तो परतला. त्या रविवारी अंकलनी मुद्दाम एक प्रकरण निवडलं: आई गेल्याचा निरोप येऊनही मठाधिपती प्रार्थना संपेपर्यंत जागचा हलला नाही. वाचून त्यांनी रॉयडनकडे असं पाहिलं, जणू त्याला संतपदच बहाल केलं.

रॉयडन म्हणाला, "अंकल, त्याची आई त्याला शेवटचं बोलायला बोलवत होती का?"

अंकलनी ओठांवर बोट ठेवलं आणि पान उलटलं.

रॉयडन ताट सरकवून उठला, बॅग भरली आणि गेला. त्याला थांब म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही पाचही जण नियम पाळत जेवत राहिलो.