तांब्याच्या बाटलीत काटोलचा रस

कोराडीच्या वीज प्लांटाच्या अंगानं राहणाऱ्या कोणत्याही बाईले विचारा, खिडकीवर राख कशी जमते ते. सकाळी पुसा, संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहा! घरात बाळंतीण आली की किस्से तसेच जमतात बापा. माही नात पायल पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली, अन् आमच्या ले-आऊटमधल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांनी रोज एक नवा थर चढवला. त्यातले काही सांगते. हसा, पण माहा राग अजून उतरला नाही, हे ध्यानात ठेवा.

*

आमच्या ले-आऊटमध्ये अर्धे लोक प्लांटातून रिटायर झालेले. रिटायर होणाऱ्याले आजकाल शाल-नारळासंग तांब्याची बाटली देतात. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी प्या, तब्येत बनते म्हणतात. पण एक माणूस कितीक बाटल्यांतून पाणी पिईन? मंग त्या बाटल्या दुसऱ्याच्या बारशात निंगतात!

माह्या पणतूच्या बारशाले झबले आले मोजके, बाटल्या आल्या बम! शेजारच्या डाखोळेबाईनं तं मोठ्या ऐटीत एक चकचकीत बाटली पाळण्याजोळ ठेवली. मी चौथी शिकलेली बाई, चष्मा लावला की वाचता येते मले. बाटलीवर कोरलं होतं, "श्री. डाखोळे साहेब यांस सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट."

मी साऱ्यांना ऐकू जाईन असं म्हटलं, "अवं मंदा, पाहा वं! पोट्ट्यानं अजून मान नाही धरली, अन् रिटायर बी झालं!"

मंदा म्हणजे माही सून, पायलची माय. ती तोंडात पदर कोंबून सैपाकघरात पळाली. डाखोळेबाई काही हसली नाही. ती कधीच हसत नाही. तिच्याजोळ मोबाईल हाय.

*

त्या मोबाईलात साऱ्या जगाचं ज्ञान भरलेलं. एक दिवस दुपारी तिनं पायलच्या बाजेवर बसून भाषण दिलं, "आईनं तांब्यातलं घेतलं की तांबं दुधात उतरते. जितकं तांबं जास्त, तितकं लेकराचं डोकं तेज. व्हिडिओत सांगतलं हाय."

मी म्हटलं, "माहा पोरगा जिंदगीभर प्लांटात तांब्याच्या तारा जोडून राहिला. मंग त्याले भाजी आणाले पाठवलं की तो सांभाराची जुडी विसरून काहून येते?"

पोरगा तिथंच पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर जरासा वर केला अन् तोंड झाकून घेतलं.

मजाक अलग. पण राग कशाचा येते सांगू? दूध पायलचं, पोट्टं पायलचं, अन् पायल समोर बसलेली असून तिले कोणी विचारून नाही राहिलं, "बाई, तुले काय वाटते?" जशी काही ती माणूस नाही, नळ हाय!

*

खाण्याचं तं विचारूच नका. शेंगदाणे बंद, पित्त होते. तीळ बंद, गरम पडते. डाळ बंद, लेकराच्या पोटात गॅस होते. वांग्याचं तं नावच नाही घ्यायचं!

"मंग पोरीनं खावं काय? फॅनची हवा?" मी विचारलं.

"आजी, तुमचा जमाना अलग होता," डाखोळेबाई म्हणे. अवं, माह्या जमान्यात बी तुह्यासारख्या होत्याच ना!

पायल भुकेनं कासावीस. मंग मी काय केलं, बाळाच्या पावडरचा रिकामा डबा घेतला, वरची जाळी काढली, अन् त्यात भाजलेले शेंगदाणे भरले. बाजेच्या उशाशी ठेवला. पोरगी येता-जाता खाऊन राहिली. कोणाले पत्ता नाही.

एक दिवस डाखोळेबाईले लेकराच्या पोटावर घामोळं दिसलं. "पावडर नाही लावत का वं तुम्ही?" म्हणे, अन् डबा उचलून लेकराच्या पोटावर पालथा केला. खळळ! सारे शेंगदाणे बेंबीभोवती!

मी म्हटलं, "नवीन पावडर हाय जी. आयुर्वेदिक!"

पायल इतकी हसली की बाज करकरली.

*

मंग काटोलवरून ईनबाई आली. ईनबाई म्हणजे पायलची सासू. घरची संत्र्याची बाग. बसमध्ये कंडक्टरसंग भांडून संत्र्याचं अख्खं खोकं घेऊन आली.

आता बाळंतिणीले आंबट देत नाहीत, हे साऱ्यांना माहीत हाय. ईनबाईले बी माहीत हाय. पण घरचं संत्रं म्हणजे अलग गोष्ट!

"बाजारचं संत्रं बाधते, आजी. आमच्या बागेतलं नाही बाधत," ती म्हणे.

"काहून? त्याले स्वेटर घालून आणलं का?"

"तसं नाही जी. संत्रं थंड, तांबं गरम. रस काढायचा, रातभर तांब्यात ठेवायचा. तांब्याची गरमी त्यातली सारी थंडाई मारून टाकते."

डाखोळेबाईनं हे ऐकलं अन् तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिची बाटली, इची संत्री! दोघींचं त्या दिवसापासून असं जमलं की सख्ख्या बहिणींचं जमत नाही. डाखोळे साहेबाच्या रिटायरमेंटच्या बाटलीत काटोलचा रस भरला, बूच लावलं, ठेवला ओट्यावर.

सकाळी पायलनं घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "आई, सिक्का चाटल्यावानी लागते हो."

"औषध हाय ते, मिठाई नोहे," सासू म्हणे. सासूसमोर सून काय बोलन! पिऊन टाकला. मंग रोजच सुरू झालं.

*

अन् रोज ओकाऱ्या बी सुरू झाल्या.

डाखोळेबाईचं न्हाणीघर आमच्या न्हाणीघराले लागून. तिनं भिंतीले कान लावला असन. लगेच आली. "दिवस गेले पोरीले!"

मी म्हटलं, "अवं भैताड, जावई बारशाले आला, हॉलमध्ये माह्यासंग क्रिकेट पाहिलं, जेवला अन् संध्याकाळच्या बसनं काटोलले गेला. दिवस काय टीव्हीतून गेले?"

पण कोण ऐकते? दुपारपर्यंत साऱ्या ले-आऊटमध्ये गोष्ट पसरली. माह्या पोराले लाज वाटली, तो जावयाचा फोनच उचलेना. शेवटी उचलला. तिकडून अमोल, म्हणजे जावई, बिचारा विचारते, "बाबा, बाळ कसं हाय?"

पोराच्या तोंडून निंगून गेलं, "कोणतं?"

*

इथवर मी बी हसत होती. पण दुसऱ्या दिवशी ईनबाई बाजेसमोर उभी राहिली अन् म्हणे, "पोटुशी बाईचं दूध लेकराले बाधते. आजपासून अंगावर पाजायचं बंद!"

पावडरच्या दुधाचा डबा आला. बाटली आली. लेकरू रडून रडून लालबुंद, पायलचं पोलकं दुधानं ओलं झालेलं, अन् चार बाया तिच्याभोवती उभ्या राहून म्हणतात, "होईन सवय!" दूध वाहून राहिलं अन् लेकरू उपाशी! मले असा राग आला, असा राग आला! मी वरडली, "अवं बायांनो, त्या मायच्या तोंडाकडं तं पाहा!"

"आजी, तुम्ही पडा जरा," ईनबाई म्हणे.

ठीक हाय. मी पडली. पडता पडता त्या बाटलीचं रबरी निप्पल उचललं अन् पदराच्या टोकात गाठ मारून ठेवलं.

मंग पाहा मजा! डबा हाय, बाटली हाय, गरम पाणी हाय, निप्पल नाही! बाजेखाली पाहिलं, तांदळाच्या डब्यात पाहिलं. ईनबाईनं माही उशी झटकली.

"मांजर घेऊन गेली असन," मी म्हटलं.

"मांजर निप्पलचं काय करन, आजी?"

"तिची बी सासू आली असन काटोलवरून!"

त्याईचं शोधणं चालू होतं, तेवढ्यात पायलनं अंगावर चादर ओढली. लेकरू चूप झालं. चपचप आवाज येत होता, पण शोधायच्या गडबडीत कोणाले ऐकू आला नाही.

मले कळत होतं, दुकानातून दुसरं निप्पल यायले काय उशीर! मी मंदाले कोपऱ्यात घेतलं. "आजच्या आज डॉक्टरीणबाईकडं ने पोरीले. नाही तं मी रस्त्यावर बसून बोंबा मारीन, सांगून ठेवते!"

*

जिथं बाळंतपण झालं तिथंच गेलो, साऱ्याच. ईनबाई बी आली, संग ती रसाची तांब्याची बाटली घेऊन. सुनेले रस्त्यात तहान लागन म्हणे!

डॉक्टरीणबाईनं टेस्ट केली. निगेटिव्ह. मंग पायललेच विचारलं, "सकाळी उठून काय घेतेस?"

पायलनं बाटलीकडं बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईनं बूच उघडलं, वास घेतला. "संत्र्याचा रस? यात? रात्रभर?" तिनं कपाळाले हात लावला. "अहो, तांबं शरीराला लागतं, पण अगदी कणभर. ते डाळीतून, तिळातून, शेंगदाण्यातून मिळतं. आंबट रस यात ठेवला की तांबं सुटून रसात उतरतं. त्यानेच उलट्या होतात. हे आजपासून बंद."

पायलनं हळूच विचारलं, "अन् माह्या दुधात गेलं असन का ते?"

"दुधात तांबं शरीर आपल्या हिशेबानेच सोडतं. तू जास्त घेतलंस म्हणून दुधात तेवढं वाढत नाही. बाळ छान आहे. बिनधास्त पाज. आणि दिवस गेले असते ना, तरी दूध नासलं नसतं!"

पायल तिथंच रडाले लागली. मी पदराची गाठ सोडली अन् निप्पल ईनबाईच्या हातावर ठेवलं. "सापडलं पाहा जी. मांजरीनं परत केलं."

*

ईनबाईले त्या निप्पलचं काही नाही वाटलं. तिले वाईट वाटलं ते संत्र्याचं. साऱ्या रस्त्यानं एकच रट. "म्हणजे आमच्या बागेत खोट हाय? आमच्या संत्र्यानं ओकाऱ्या होतात?"

"संत्र्याले कोणी काही म्हटलं नाही जी," मंदा समजावून राहिली. "ते तांब्यात ठेवल्यानं."

"तांब्यानं कोणाले काही झालं नाही आजपर्यंत! थांबा, उद्या मीच पिऊन दाखवते, साऱ्यांसमोर!"

संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं संत्री पिळली, बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच लावलं. सकाळी डाखोळेबाईले बोलावलं, आणखी दोघी-तिघींना बोलावलं. डाखोळेबाईनं मोबाईल काढला. "थांबा, व्हिडिओ काढते. साऱ्या ग्रुपवर टाकू!"

पायल बाजेवर लेकराले पाजत बसली होती. आता चादर बी नव्हती ओढली.

"नका पिऊ जी, ईनबाई," मी म्हटलं. एकदाच म्हटलं. हळूच म्हटलं.

तिनं बाटली तोंडाले लावली ती खाली ठेवलीच नाही. शेवटचा थेंब जिभेवर झटकला, पदरानं तोंड पुसलं अन् मोबाईलकडं पाहून म्हणे, "पाहा! झालं का काही?"

डाखोळेबाईनं टाळी वाजवली. मी उठली, न्हाणीघराचं दार सताड उघडलं, अन् मधातल्या चपला पायानं बाजूले सारल्या.

ईनबाई सांगून राहिली होती, "आमच्या बागेची माती अशी हाय की..." अन् मधातच थांबली. एक हात पोटावर, एक हात तोंडावर. मंग जी पळाली, जी पळाली! डाखोळेबाईचा मोबाईल तिच्यामागं फिरला. व्हिडिओ सुरूच होता, आवाजासकट.

पायलनं लेकराले दुसऱ्या अंगाले घेतलं. हसू दाबून तिचे खांदे हलत होते.

मी मंदाचा फोन मागितला अन् काटोलले लावला. ईनबाईच्या मालकानं उचलला.

"बोला आजी, सारं ठीक हाय नं?"

"ठीक हाय इवाई, एकदम ठीक! ईनबाईले सकाळी सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. पाळणा इथंच राहू देऊ, का काटोलले पाठवू?"