मी गाळलेला नववा नियम

आमच्या घरात पुस्तकं मोजकी होती, पत्रकं मात्र पोत्यानं. बाबा विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. सभा आटोपली की उरलेले गठ्ठे घरी यायचे. आई त्यावर वड्या वाळत घालायची, फळीवर अंथरायची, डब्याचं झाकण ढिलं झालं की घडी करून मध्ये घालायची. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. शाळेच्या पुस्तकातलं ‘कमळ’ येण्याआधी मला ‘अन्याय’ ओळखता येत होता. अजूनही कुणी हुकूम सोडल्यासारखं काही लिहिलेलं दिसलं की माझी कानशिलं तापतात.

या सवयीची मला एकेकाळी फार ऐट होती.

आमचं गाव दिघोरीच्या अलीकडे. धान सगळेच लावतात, पण धानाचं काम संपलं की निम्मे पुरुष राईसमिलमध्ये हमालीला जातात. त्यांची थप्पी पाहण्यासारखी असते. कट्ट्यावर कट्टा, म्हणजे पोत्यावर पोतं, असा बसवतात की ओळंबा न लावता भिंत उभी राहावी. मिलमधला उसना, म्हणजे उकडा, तांदूळ ट्रकनं नि रेल्वेनं पूर्वेच्या समुद्राकडे जातो आणि तिथून जहाजानं आफ्रिकेत. आम्ही कुणी तो समुद्र पाहिलेला नव्हता. तांदूळच काय तो आमच्याआधी तिथं पोचला होता.

मग तिथल्या बंदराचं काम वाढलं. नवी गोदामं उठली, खोल पाण्याचा नवा धक्का बांधायला घेतला आणि थप्पी लावणारी माणसं कमी पडू लागली. मिलमधल्या मुकादमानं गावातून एक टोळी जमवली आणि एका सकाळी तो बंदरावरच्या कंत्राटदाराचा हिंदीत टाइप केलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. बंदरावर पाळायचे बारा नियम होते. आपल्या माणसांना समजेल अशा मराठीत, एका पानावर लिहून दे म्हणाला. वर हसून म्हणाला, “भाषण नको ठोकू वो बाई. नियमच लिहिजो.”

मी लिहायला बसले. डोक्यावर टोपी घालावी, क्रेनच्या झोळीखाली उभं राहू नये, गोदामात विडी ओढू नये, हे सगळं ठीक होतं. नववा नियम मात्र असा होता : झाकलेल्या थप्पीची ताडपत्री कोणीही उचलू नये. कडेच्या वाळूच्या पिशव्या हलवू नयेत. उचलताना आढळल्यास तात्काळ कामावरून काढले जाईल.

का उचलू नये, याबद्दल एक शब्द नव्हता. मला वाटलं, कारण उघड आहे. हे आमच्या माणसांना चोर समजतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा तांदूळ पाठीवर वाहिला आणि मूठभरही कमरेला लावला नाही, त्यांना हे आल्या आल्या सांगणार की हात लावू नका. मी नववा नियम गाळला. त्याच्या जागी माझा घातला, तोही ठळक अक्षरात : आपण कष्टकरी आहोत, चोर नाही. झडती घेताना अपमान झाल्यास सर्वांनी मिळून जाब विचारावा.

नियम बाराच राहिले. मुकादमानं मोजले, वाचले नाहीत. लाखांदूरला जाऊन प्रती काढून आणल्या.

टोळीत आमचा शेजारी होता. मी त्याला भाऊ म्हणायची, त्याच्या बायकोला वहिनी. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि मला विचारू लागला, समुद्र आपल्या तलावापेक्षा मोठा राहते का. मी म्हटलं, भाऊ, चेष्टा करता काय. तो म्हणाला, “मोठा असन, पण पार तरी दिसन का नाही? पार नाही दिसला त तलाव कायचा?” पत्रकाची घडी त्यानं खिशात घातली. त्यातला ठळक नियम त्याला आवडला होता. तेवढाच त्यानं मोठ्यानं वाचला.

तिथून तो वहिनीला फोन करायचा आणि ती स्पीकर सुरू करून आम्हालाही ऐकवायची. मोठी जहाजं काठाला लागतच नाहीत, म्हणायचा. पाणी उथळ. ती दूर उभी राहतात आणि कट्टे बार्जवर, म्हणजे सपाट बोटीवर, चढवून त्यांच्याकडे न्यावे लागतात. नव्या धक्क्यासाठी एक जहाज दिवसभर तळातला गाळ ओढून काढतं. “हे काढून राहिले अन् तो भरून राहिला,” तो म्हणाला. “आपल्या तलावासारखंच आहे, फक्त मशीन मोठी.” आणि तिथलं खरं काम म्हणजे वाट पाहणं. ढग आला की जहाजाच्या पोटाची झाकणं लावतात, कारण तांदूळ भिजला की संपला. मग टोळी बसून राहते. तासभर, कधी दिवसभर.

अशाच एका दुपारी तिथं झिमझिम सुरू झाली. काम थांबलं. टोळी गोदामाच्या ओसरीत बसली, आणि भाऊ आडवं व्हायला जागा शोधत आत गेला.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे पाऊस आला की माणूस घराकडे पळत नाही, धानाकडे पळतो. खळ्यात कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं असतं, त्यावर ताडपत्री ओढतात, आणि राखणदार त्याच ताडपत्रीखाली, पुंजण्याला पाठ लावून झोपतो. आत ऊब असते. तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा वास असतो. माझे बाबा तसेच झोपले, भाऊचे बाबा तसेच झोपले. भाऊनं त्या गोदामात झाकलेली थप्पी पाहिली असेल, भोवती वाळूच्या लांबट पिशव्या लावलेल्या पाहिल्या असतील. वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवल्या, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं दोन पिशव्या बाजूला सारल्या, कड उचलली, आत शिरला आणि कड पुन्हा खाली ओढून घेतली.

काम सुरू झालं तेव्हा एक माणूस कमी भरला.

त्याचं प्रेत गावी आणलं त्या दिवशी अंगणात सगळं गाव होतं. मुकादम हात जोडून सांगत होता की त्या ताडपत्रीखाली गॅस सोडलेला असतो, ती उचलायची नाही हा नियम होता, कंत्राटदारानं लिहून दिला होता, आणि मराठीत करून प्रत्येकाच्या हातात दिला होता. “आपल्याच पोरीनं लिहून देल्ला,” तो म्हणाला. “वाचाले पाहिजे होतं बाप्पा.” माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पोरीनं आपलं काम केलं होतं, असंच त्यात होतं.

मी बोलले नाही. मी, जी ग्रामसभेत सरपंचाला खाली बसवते.

त्यानंतर भाऊ गावात वेगळाच माणूस झाला. ज्यानं वाचलं नाही तो. चहाच्या टपरीवर त्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, साधा एक कागद. आपला कागद उघडून पाहायला मात्र कुणी गेलं नाही. वहिनीचं दुःख हळूहळू रागात गेलं. मुलगा अभ्यासाला बसला नाही की ती म्हणायची, बापासारखाच होशील. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मला सगळं ऐकू यायचं. आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. कुठेही ताडपत्री दिसली, ट्रकवर, बाजारात, कुणाच्या धानावर, की मला तिच्या आत कुणीतरी पाठ टेकून झोपलेलं दिसायचं. वाऱ्यानं कड हलली की मी थांबायची.

पुढे भाऊच्या मृत्यूची कागदपत्रं आणायला वहिनीचा माहेरचा भाऊ बंदरावर निघाला. वाचता येणारं कुणी सोबत हवं म्हणून मीही गेले. बंदर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाऊनं विचारलेला पार कुठंच दिसत नव्हता. दूर चार जहाजं हलतच नव्हती. नव्या धक्क्याचे खांब पाण्यात ओळीनं उभे होते, वर अजून काही नव्हतं. गाळ काढणारं जहाज घरघरत होतं आणि त्याच्यामागे पाणी चहासारखं झालं होतं. सगळीकडे मासळीचा वास. गोदामाच्या म्हाताऱ्या राखणदारानं आम्हाला मोडक्या हिंदीत समजावलं की तांदळातले किडे मारायला गोळ्या ठेवतात, त्यांचा गॅस होतो, आणि ताडपत्री म्हणूनच हवाबंद करतात, वाळू म्हणूनच लावतात. त्या गॅसलाही थोडा सडक्या मासळीसारखा वास येतो, म्हणाला. इथं तो कुणाला वेगळा कळणार.

दारावर पाटी होती. कवटीचं चित्र पावसानं पुसट झालेलं, खाली तेलुगू आणि इंग्रजी. मराठी फक्त माझ्या पानावर येणार होती.

त्याची पिशवी मिळाली. त्यात दोन कपडे, हमालीचा हुक, शंखांची एक माळ मुलीसाठी, आणि पत्रक. घड्यांवर मऊ पडलेलं. त्यानं ते पुष्कळदा उघडलं होतं.

परत आल्यावर मी पिशवी वहिनीला दिली. दुपार होती, मुलं शाळेत. तिनं एकेक वस्तू चटईवर काढली. माळेकडे पाहिलं, बाजूला ठेवली. मग कागद उलगडून माझ्यापुढे केला.

“कोणती ओळ होती ते दाखव मले,” ती म्हणाली. “जे वाचलं नाही त्यानं, ते मले पाहाचं आहे.”

वहिनी सातवी शिकलेली आहे. तिनं स्वतः शोधलं असतं. मी बोट ठेवायला गेले आणि बोट नवव्यावर थांबलं. आपण कष्टकरी आहोत, चोर नाही.

“ती ओळ यात नाही,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

मी सांगितलं. मूळ कागदात होती, मी काढली, का काढली तेही. कागद पुन्हा घेऊन तिनं वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवत, सगळे बारा.

“त्यानं वाचलं होतं त,” ती म्हणाली.

“हो.”

“सगळं वाचलं होतं.”

“हो वहिनी.”

मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल. तशी तयारी करूनच मी गाडीतून उतरले होते. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि उठली. “चाल,” म्हणाली. “मुकादमाच्या घरी चाल. जसं मले सांगतलं, तसंच.”

मुकादमाच्या अंगणात नव्या टोळीचे लोक बसले होते, बरेचसे आजूबाजूच्या गावांतले. दोन दिवसांनी निघणार होते. प्रत्येकाजवळ तोच कागद. वहिनी मध्ये उभी राहिली आणि मला पुढे केलं. मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, माईकवर, ट्रॅक्टरवर उभी राहून. त्या दिवशी बसून बोलले. नियम होता, मी गाळला, त्याला तो कधी मिळालाच नाही. मुकादम खाली पाहत राहिला. मग मागून एक तरणा पोरगा म्हणाला, “पण ताडपत्री काहून नाही उचलाची? पाऊस आला त जावाचं कुठं?” मी त्याला कारण सांगितलं. गोळ्या, गॅस, वाळू, मासळीचा वास. बाकीचे सरकून जवळ आले. कुणीतरी पेन काढून दिलं आणि मी एकेकाच्या कागदावर, माझ्या ठळक ओळीच्या खाली, तो नियम हातानं लिहिला. कारणासकट. शेवटच्या कागदापर्यंत माझं अक्षर वेडंवाकडं झालं होतं.

वहिनी शेवटपर्यंत उभीच होती. निघताना मुकादमाला एवढंच म्हणाली, “टपरीवरही सांगजा. तुमीच सांगा.”

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मुलाचा पाढा ऐकू आला. तो अडखळला. वहिनी त्याच्यावर चिडली, पण बापाचं नाव निघालं नाही.

माझ्याशी ती आता कामापुरतं बोलते. त्यात तिची चूक नाही. भाऊचं पत्रक तिच्याकडे आहे, माळेसोबत. हमरस्त्यावरून तांदळाचे ट्रक समुद्राकडे जातात. एखाद्याची ताडपत्री सुटलेली असते, कड हवेत उठते, पडते, पुन्हा उठते. ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभी असते.