बसायला मनाई असलेली खिडकी

शुक्रवारी दुपारच्या, असरच्या नमाजानंतर मी बिनपगारी नोकरीला जाते. सौदीतल्या, तांबड्या समुद्रावरच्या या छोट्या गावात माझा मुलगा खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनीयर आहे. सुनेने भांडी धुवायचं मशीन घेतल्यापासून घरात मला टोमणे मारायलाही निमित्त उरलेलं नाही. म्हणून बंदराजवळच्या जुन्या घरात जाते. मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने दीडेकशे वर्षांपूर्वी प्रवाळाच्या दगडात बांधलेलं हे तीन मजली घर आता लोकांना पाहायला खुलं असतं, आणि ते आम्ही आठ-दहा बायका मिळून सांभाळतो. कोणी झाडते, कोणी कहवा करते, कोणी माहिती सांगते. माझ्याकडे वरचा मजला. माझे गुडघे अजून बरे आहेत, आणि माझी अरबी भाषा बाजारात शिकलेली आहे. तिच्यात भाव करता येतो, व्याख्यान देता येत नाही.

वर रोशान आहे. भिंतीतून रस्त्यावर डोकावणारी सागवानी जाळीची खिडकी, आणि आत पाय पसरून बसता येईल अशी बैठक. घरातल्या बायका तिथे वारा खात बसायच्या आणि खालून जाणाऱ्यांची उणीदुणी काढायच्या. अख्ख्या घरात सगळ्यात जास्त वापरलेली जागा हीच. आणि नेमकी तिच्यापुढे आमच्या अब्लांनी लाल दोरी बांधली आणि पाटी लावली : बसू नये. अब्ला म्हणजे बाई, शिक्षिका. या इथल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे आम्ही सगळ्याच त्यांच्या वर्गात.

"लाकूड झिजतं," त्या म्हणाल्या.

बसण्याच्या जागेवर बसल्याने ती झिजते, हा शोध मला नवा नव्हता. जुबैलला लग्न होऊन आले तेव्हा मीच तो लावला होता. बावीस वर्षांची शहाणी. कंपनीच्या फ्लॅटमध्ये मखमली सोफा घेतला, आणि त्याचं प्लॅस्टिक काढलं नाही, कारण सोफा गावी रत्नागिरीला न्यायचा होता. डिनर सेट खोक्यात, पलंगाखाली, तोही गावचा. आम्ही मेलामाइनच्या ताटल्यांत जेवायचो. आमचे हे शिफ्टवरून दमून यायचे आणि पेपर घेऊन जमिनीवर टेकायचे. "वर बसू का जरा?" असं स्वतःच्या घरात विचारायचे, आणि मी महाराणी म्हणायची, "आधी कपडे बदला." पाहुणे बसले तर उन्हाळ्यात उठताना पाठीला चिकटलेलं प्लॅस्टिक चर्र वाजायचं. तो सोफा आज गावच्या बंद घरात आहे. प्लॅस्टिकसकट. त्यावर पाली बसतात, आणि त्यांना कोणी कपडे बदलायला सांगत नाही.

तेव्हा या रोगाचं मला कोणी शिकवू नये.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारी आली, मुलीचा हात धरून. खालच्या पाट्या तिने वाचल्याच नाहीत. धापा टाकत थेट वर आली आणि रोशानपुढे थांबली.

"मी इथे झोपायची," ती मला म्हणाली. "आई या जाळीतून मासळीवाल्याला टोपली सोडायची."

"त्यांचं बालपण या घरात गेलं," मुलगी म्हणाली. "जिझानहून आलोय, एवढ्यासाठीच. एकदा बसायचं म्हणतात."

म्हातारीने दोरीला हात घातला, तेवढ्यात अब्ला वर आल्या आणि अरबीत मावशी म्हणून तिला अडवलं. "खाला, तिथे मनाई आहे. फोटो काढा हवा तर."

"फोटोत बसू?" म्हातारीने विचारलं.

अब्लांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणवली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. बापाच्या घरात, स्वतःच्या खिडकीसमोर, पाहुणीसारखी. माझं डोकं तडकलं.

"अब्ला, ही घरातली बाई आहे."

"आज एकीला बसू दिलं तर उद्या सगळ्या बसतील. घर अजून शंभर वर्षं टिकायला हवं."

"कोणासाठी?"

"लोकांसाठी."

"मग ही कोण?"

अब्लांनी पाटीकडे बोट केलं. म्हातारी खुर्चीकडे बघत उभी राहिली, आणि मुलगी तिला म्हणाली, "चल आई, खलास."

मी वाकले, दोरीखालून गेले आणि रोशानमध्ये बसले. लाकूड करकरलं. माझ्या वजनाची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे.

"मोडलं नाही," मी सांगितलं. "आता हिला येऊ द्या. ही माझ्या निम्मी आहे."

अब्लांचा चेहरा असा, की मला बाकावर उभं करतील. पण म्हातारी दोरी वर उचलून आत आली. माझ्याशेजारी टेकली, बोटाने चाचपून जाळीतली छोटी झडप सरकवली. ती झडप उघडते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वारा आत आला. डोळे मिटून ती बराच वेळ बसली. मग अब्लांकडे वळली. "दारात उभी राहू नकोस ग, वारा अडतो. आणि कहवा सांग."

मुख्याध्यापिका कहवा सांगायला खाली गेल्या.

पुढच्या शुक्रवारी दोरी पुन्हा होतीच, दुहेरी गाठ मारून. पाटीवर मात्र अब्लांनी ‘बसू नये’च्या वर पेनने लिहिलं होतं : घरच्यांखेरीज कोणी. एवढीच सूट, आणि तीही एका म्हातारीपुरती. मला ते अर्धंही पटलेलं नाही. मागच्या आठवड्यात शाळेच्या चार मुली वर आल्या आणि लांबूनच जाळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"घरच्या का ग तुम्ही?" मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हो म्हणा," मी म्हटलं, "आणि बसा."