जर्मनच्या पातेल्याला सोडा

आधीच सांगते, माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पंधरा वर्षं विहाराच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला, तरी नाही. तेर गावात आमच्या वस्तीत लग्न असो की बारसं, भांडी त्याच खोलीतली. आणि घासायला आम्ही तिघी. मी, कमल आणि सुशीला. तीन बायका राखेच्या घमेल्याभोवती बसल्या की किस्से साचत जातात, पातेल्याच्या तळाला खरवड धरते तसे.

कमलच्या सुनेनं नवा नॉनस्टिक तवा आणला. कमलनं तारेच्या घासणीनं दुपारभर घासून त्याचा काळा थर पार काढला. म्हणाली, “किती दिवसाचं जळकं हुतं गं. बघ, कसा पांढरा निघाला.” सून रडली. कमलला वाटलं, आनंदानं.

सुशीलाच्या स्टीलच्या कळशीवर बोअरच्या पाण्याचे डाग. मी म्हणलं, “लिंबू चोळ.” दुसऱ्या दिवशी डाग तसेच.

“चोळलं का?”

“उन्हाचं पावणं आलं. सरबत केलं.”

“मग कळशी?”

“कळशीतच केलं की. आतनं लई चकाचक झालीय.”

आमचे मालक तर जेवलेलं ताट उचलत नाहीत. एकदा मी फरशी पुसताना चिखलाच्या पायानं आत आले. मी ओरडले. तर पाय वर घेऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, “पूस आता.” चादर तोवर पांढरी होती.

मग मला ताप आला. एका लग्नातनं परत आलेलं विहाराचं जर्मनचं मोठं पातेलं माझ्या अंगणात घासायचं पडलेलं. चौथ्या दिवशी उठून बघते तर काळंठिक्कर. जर्मनला, म्हणजे ॲल्युमिनियमला, धुण्याचा सोडा लावला की ते काळं पडतं. चिंच लावायची असते. हे वस्तीला शिकवलं मीच. आणि वस्ती म्हणाली, शांताबाईनंच सोडा लावून काम उरकलं. आता किल्ली कमलला द्या.

रविवारी विहारात बैठक बसली. “सोडा मी लावला नाही,” मी म्हणलं. कुणी ऐकेना.

मागनं आमचे मालक उठले. “म्या घासलं. तिला ताप हुता. म्हणलं, उठल्यावर लखलखीत दिसावं.”

सगळी बैठक हसली. अध्यक्ष आबा म्हणाले, “बसा खाली. बायकूपायी खोटं बोलू नका. तुम्ही कवा कप तरी इसळलाय का?”

ते बसले. तेव्हा मी त्यांचे तळहात पाहिले. सोड्यानं सोलून निघाले होते.

“शांताबाई, तू सांग,” आबा म्हणाले. “कुणी केलं त्याचं नाव घे, न्हायतर किल्ली ठेव इथं.”

“ती कशाचं घेतीय,” कमल म्हणाली. “मालकाचं नाव एकोणतीस वर्षांत उखाण्याबिगर तोंडातनं काढलं न्हाय तिनं.”

मी किल्ली कमरेला नीट खोचली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभी राहिले.

“प्रल्हाद.”