चाळीस मीटरवरचे हितचिंतक

जर्मनीतल्या आखन शहरात कोण कोणापासून किती मीटरवर बसलं आहे, हे एक वेळ इथल्या नगरपालिकेला सांगता येणार नाही, पण आमच्या भावजींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ. वय चोपन्न, हुद्दा मोठा, टक्कल त्याहून मोठं. वीस वर्षं एकाच कारखान्यात यंत्रांची थरथर मोजत आले. बायको मुलीच्या बारावीसाठी म्हणून पुण्याला गेली, ती मुलीचं लग्न होऊन गेलं तरी परतली नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नसत आणि आम्हाला विचारायला फट सापडत नसे, कारण बाकी सगळ्या विषयांवर ते न थांबता बोलत.

जगात विचारपूस कमी झाली आहे आणि ती भरून काढायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. जिन्यात भेटल्या की भावजी शुद्ध जर्मनमध्ये विचारायचे, "जेवलात का?" आठ दिवस बाई गोंधळल्या. नवव्या दिवशी त्यांनी भावजींना दंडाला धरून घरात नेलं, फ्रिजचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "बघून घ्या. सगळं आहे." हे गृहस्थ म्हाताऱ्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यातून आलेत, अशी त्यांची समजूत झाली होती. भावजींनी फ्रिज नीट पाहिला, "दही संपत आलंय," अशी नोंद दिली आणि समाधानाने वर गेले.

अशा माणसाच्या हातात ऑफिसातल्या कोणीतरी ते अ‍ॅप दिलं. रविवारी फिरायला सोबती मिळेल म्हणून. आसपासची माणसं आणि त्यांची अंतरं मीटरमध्ये दाखवणारं हे अ‍ॅप लोक बहुतेक कशासाठी वापरतात, ते भावजींना ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. "टकलाचा फोटो बघून कोण येणार, वहिनी?" म्हणून त्यांनी फोटो लावला सूर्योदयाचा. आणि नावाच्या जागी लिहिलं, हितचिंतक. मग हा हितचिंतक सूर्योदय शहरभर निरोप पाठवू लागला: "नमस्कार. मी आपल्यापासून दोनशे दहा मीटरवर आहे. जेवण झालं का?" एका दातांच्या डॉक्टरीण बाईंनी उलट विचारलं, "आपण कोण?" भावजींनी चार पावलं पुढे जाऊन उत्तर दिलं, "आता दोनशे पाच."

हे सगळं दर शनिवारी आमच्या गालिच्यावर साभिनय व्हायचं. हातात फोन, डोळे बारीक, पाऊल मांजराचं. तोंडी 'आल्झो' म्हणजे 'तर' आणि 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर', ही त्यांची नेहमीची जर्मन पालुपदं. "नव्वद... साठ... आल्झो, वळलो उजवीकडे, तर एकदम ऐंशी! म्हणजे चुकलो. परत डावीकडे!" लहानपणी लपवलेली वस्तू शोधताना थंड-थंड, गरम-गरम ओरडायचो ना, तसं. आम्ही पोट धरधरून हसायचो. सगळ्यांत जास्त मी. पाहुणे आले की मीच आग्रह करायची, "भावजी, तो दातांच्या डॉक्टरीणबाईंचा किस्सा होऊन जाऊ दे." त्या बाईंना तो किस्सा कसा वाटला असेल, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. आलं असतं तरी मी ते बाजूला सारलं असतं, किस्साच तसा झकास होता.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भावजी धापा टाकत आले. "वहिनी, आपलं माणूस सापडलं! मराठी मुलगी. विद्यापीठात शिकते, असं अ‍ॅपवर लिहिलंय. माझ्या नेहमीच्या रस्त्यापासून चाळीस मीटर!"

"काय म्हणाली?"

"काही नाही. लाजते. पण मी सोडतोय थोडाच? तीन संध्याकाळी चालून इमारत काढली. आणि इथे बेलवर आडनावं असतात की नाही? गेनाऊ! एवढ्या म्युलर-श्मिटांत एकच आडनाव 'कर'वर संपणारं. तिसरा मजला. बेल वाजवली."

"मग?"

"दार नाही उघडलं. आणि कालपासून अ‍ॅपवर दिसेनाशीच झाली. आजारी असणार. परक्या देशात एकटं पोर, वहिनी. काहीतरी खायचं द्या."

मी चिवडा भरला. स्वतःच्या हाताने, लग्नातल्या स्टीलच्या डब्यात, काजू वर दिसतील असा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी.

"काकू, तुम्ही एकट्या आहात का?"

"अगं आत ये. काका आहेत ना. अहो, कोण आलंय बघा."

हे आतून चष्मा पुसत आले आणि ती मुलगी दोन पावलं मागे सरकली. माझ्या नवऱ्याला घाबरून. हा माणूस झुरळ मारायलासुद्धा मला बोलावतो. तिने पिशवीतून डबा काढला, उलटा केला आणि बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव माझ्यासमोर धरलं. सासूबाईंनी कोरून घेतलेलं, ह्यांचं पूर्ण नाव.

"इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या यादीत हे नाव सापडलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आधी काकूंना सांगावं. मग पोलिसांकडे जाईन."

आम्ही तिला बसवलं. ती दाराजवळच्या खुर्चीत, कोट न काढता बसली. सांगताना रडली नाही, तेच जास्त वाईट होतं. पाचलाच अंधार पडायचा. ती दिवा घालवून स्वयंपाकघरात फरशीवर बसायची आणि फोनवर तो सूर्योदय जवळ येताना बघायची. नव्वद. साठ. चाळीस. वीस. मग बेल. त्या दिवशी तिने त्याला ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी खालचं दार ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर, तिच्या खोलीच्या दाराच्या मुठीला पिशवीत डबा लटकलेला.

"ब्लॉक केल्यावर आला, काकू."

तू तरी कशाला गेलीस त्या अ‍ॅपवर, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते तिला दिसलं असावं. "बॅडमिंटनला जोडीदार हवी होती," ती म्हणाली.

"अगं, ते आमचे भावजी," मी घाईघाईने म्हटलं. "भोळे आहेत गं. मनात काही नाही त्यांच्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डबा मीच भरला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, सात महिने शोधून मिळालेली खोली तिने सोडायची नोटीस दिली आहे. एक तारखेपासून सीमेपलीकडे, हॉलंडच्या एका खेड्यात राहायला जाते आहे, बसने तासभर. डबा टेबलावर ठेवून ती निघाली. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. हा घासूनपुसून लख्ख होता, आणि साखरेचा एक दाणा नव्हता.

संध्याकाळी भावजींना बोलावलं. आधी भांडले. "मी तिला एक वाकडा शब्द बोललो का? जेवलीस का, एवढंच विचारलं ना?"

हे सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "तिने दार उघडलं नाही, तिथे विचारून संपलं होतं. तू बाहेर उभा होतास आणि ती आत अंधारात बसली होती. तुझ्यामुळे."

भावजी आमच्या गालिच्याकडे बघत बसले, जिथे ते चालून दाखवायचे. मग खिशातून फोन काढून ते अ‍ॅप पुसून टाकलं. "तिला सांगा, खोली सोडू नको म्हणावं. मी त्या रस्त्यानेच जाणार नाही." मी निरोप पाठवला. तो तिने वाचला, एवढं मला दिसलं.

तिने खोली सोडली. तक्रार केली नाही. का नाही केली, हे विचारायचा हक्क मला नव्हता.

भावजी अजून शनिवारी येतात. बोलतात कमी. ऑफिसला लांबच्या रस्त्याने जातात. जिन्यात त्या आजी भेटल्या तर नुसती मान हलवतात, आजींनी परवा मला अडवून विचारलं, "तुमच्या नातलगांची नोकरी गेली का?" पाहुणे आले तर कोणी तो किस्सा काढत नाही. मला अजून त्यातली वाक्यं पाठ आहेत, आणि ती आठवून कधीकधी हसू येतं, हेही लपवत नाही.

यंदाच्या दिवाळीला जाताना त्यांनी दारात चपला चढवत हळूच विचारलं, "वहिनी, चिवडा केलाय का?"

मी भरून दिला. फळीवरचा तो स्टीलचा डबा हाताशीच होता, पण मी आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. भावजींनी तो हातात घेतला, जरा वर धरला आणि बूड बघितलं. तिथे कोणाचंच नाव नव्हतं. नेहमीचं गेनाऊसुद्धा न म्हणता त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेले.