पूर्वपक्ष
भिजवलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला काशीतला रामघाट आठवतो. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे शिकताना एका वृद्ध मराठी गुरुजींकडे राहायचो, जेवायचो. यात्रेकरूंची श्राद्धे करणे हीच त्यांची उपजीविका. गणेशोत्सवातल्या सभेत मी बोलायला उभा राहिलो आणि सांगून टाकले, की पिंड पितरांना पोचतात हे मला पटत नाही. "वा रे भाई! गुरुजींचं खातोस आणि त्यांच्याच पोटावर पाय देतोस? उतर खाली!" मागून कुणी ओरडले. राहती जागाही आता गेली, असे वाटून मी हातातला कागद घडी करू लागलो. तेवढ्यात पुढे बसलेले गुरुजी उठले. "अहो, पूर्वपक्ष पुरा होऊ द्या. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग खोडायचं, ही काशीची रीत. अर्धवट ऐकून मी खोडू काय?" मी अडखळत भाषण संपवले. मग त्यांनी माझे मुद्दे माझ्याहून नेटके मांडले आणि एकेक करून खोडले. मघाशी ओरडणाराही शांतपणे ऐकत होता. घरी जेवताना माझी मान वर होईना. "ह्यांना तुझं मुळीच पटलं नाही हं," गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या आणि त्यांनी मला आणखी भात वाढला. आमची मते कधीच जुळली नाहीत. तरी मी बी.ए. होईपर्यंत माझे पान गुरुजींच्या शेजारीच मांडले जायचे. न पटणारे बोलणेही आज मी शेवटपर्यंत ऐकून घेतो, ते त्या पंक्तीचे ऋण.