मनिलाच्या विमानात जागा धरताना

तिकीट पक्कं आहे पण जागा नाही, हे अप्पांना, माझ्या वडलांना, समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. मी बोलायला फटकळ, आणि अप्पा ऐकायला बहिरे नसले तरी आपल्याला हवं तेवढंच ऐकणारे. त्यामुळे बीदरजवळच्या नौबादच्या माझ्या दोन खोल्यांत सकाळपासून एकच विषय चालू होता.

"तिकीट हाय म्हणतीस, मग जागा कामून न्हाई?"

"तिकीट हाय अप्पा, पण त्याच्यावर तारीख न्हाई."

"बिनतारखेचं तिकीट आसतंय व्हय कुठं?"

असायचं. मी तेव्हा बीदरला शेतकी खात्यात होते, तुरीच्या मर रोगावर काम करत होते, आणि एका परदेशी संस्थेनं मला अभ्यासवृत्ती दिली होती. मनिला, जपान, अमेरिका, इंग्लंड असं करत साऱ्या जगाला वळसा घालून परत यायचं. एकाच दिशेनं पुढे जायचं, उलटं फिरायचं नाही आणि वर्षाच्या आत घरी पोचायचं, एवढ्या अटी. कुठल्या देशातलं पीक कधी फुलावर येईल हे आधी कोण सांगणार? म्हणून सगळ्या तारखा मोकळ्या ठेवलेल्या होत्या. हैदराबादच्या एजंटानं लाल कार्बनच्या पानांचं ते जाडसर तिकीट पाठवलं तेव्हा प्रत्येक पानावर तारखेच्या जागी 'ओपन' असं छापलेलं होतं. जेव्हा निघायचं ठरेल तेव्हा विमान कंपनीला विचारायचं, जागा असली तर बसायचं.

पुढच्या टप्प्यांची मला काळजी नव्हती. अडलं होतं ते पहिल्याच टप्प्यावर. मनिलाचं प्रशिक्षण सोमवारी सुरू होणार होतं, आणि पहिल्या दिवशी हजर न राहणाऱ्याची अभ्यासवृत्ती पुढच्या उमेदवाराला दिली जाईल असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. म्हणजे त्याआधीच्या शुक्रवारचं मुंबईहून सुटणारं विमान गाठायलाच हवं होतं, कारण त्यानंतरचं थेट मंगळवारी होतं. शुक्रवारचं विमान भरलेलं होतं आणि मी वेटिंगवर होते. मला रात्री झोप लागत नव्हती, आणि दिवसा ज्याच्या-त्याच्या अंगावर जात होते.

अप्पा गावाहून, ठाणाकुशनूरहून, मला निरोप द्यायला म्हणून आले ते आठवडाभर आधीच. मी रांगत होते तेव्हा आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. त्याआधी गावात चावडीपुढे आमच्या माणसांनी उभं राहूनच बोलायचं, बसायचं नाही, अशी रीत होती. त्याचा राग अप्पांच्या मनातून कधीच गेला नाही. म्हणून की काय, पण एसटीतली जागा त्यांना फार मोलाची वाटे. तिकीट काढून बसलेल्या माणसाला कुणाच्या बापाला उठवता येत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. औरादची गाडी स्टँडात वळली की एकाला पुढच्या खिडकीतून रुमाल टाकायला लावायचे, दुसऱ्याला मागच्या, आणि स्वतः दारातून घुसायचे. तीन जागा धरायच्या, त्यातली चांगली मला द्यायची आणि उरलेल्या दोन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना. मी कॉलेजला असताना एकदाही उभ्यानं गेले नाही.

निघायच्या आठवड्यातल्या सोमवारी हैदराबादहून निरोप आला की जागा मिळाली. मी हसत घरी आले, तर त्याच दुपारी मुंबईहून मामाची तार आली, की त्यानं तिथल्या ओळखीच्या एजंटाकडून माझी जागा पक्की केली आहे. मी बुचकळ्यात पडले. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी सांगितलं, अप्पांच्या सांगण्यावरून त्यांच्या बंगलोरच्या भावानंही त्याच विमानात माझी जागा धरली आहे. मग मी अप्पांकडे बघितलं. ते पान जमवत बसले होते.

"एक गेली तर दुसरी हाय," ते म्हणाले. "दुसरी गेली तर तिसरी. तू निवांत जा."

मला त्यांचं कौतुकच वाटलं. विमानात तोवर मी तरी कुठे बसले होते?

बुधवारी पोस्टात माझ्यासाठी ट्रंक कॉल आला. हैदराबादचा एजंट घसा फोडून ओरडत होता, तरी मला अर्धंच ऐकू येत होतं. एकाच बाईच्या नावानं तीन शहरांतून एकाच विमानात तीन जागा घेतल्या होत्या. कंपनीला वाटलं कुणीतरी दलाल जागा अडवून बसला आहे, म्हणून त्यांनी तिन्ही काढून टाकल्या. आता मी वेटिंगच्याही शेवटी होते. "मुंबईला जा, विमानतळावर चान्सवर नाव द्या," तो म्हणाला. "कुणी आलं नाही तर त्याची जागा मिळेल." आणि फोन तुटला.

घरी येऊन मी अप्पांवर तुटून पडले. ही औरादची गाडी न्हाई, म्हटलं. माझ्या जन्माचं वाटोळं केलंत, म्हटलं. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो ते सगळं बोलले. अप्पांनी मधे एकदाच विचारलं, "जागा धरली तर गुन्हा हाय व्हय त्यांच्यात?" त्यानं माझा राग आणखी वाढला.

गुरुवारी हुमनाबादहून मुंबईची बस धरली. सोलापूर गेलं, पुणं गेलं. माझी बॅग अप्पांनी सबंध वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही.

विमानतळावर बंदोबस्त होता, प्रवाशाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. आणि आत जाऊन विमानाकडे गेलेल्या माणसाला पुन्हा बाहेर येऊन सांगता येत नाही, असं दारावरच्या शिपायानं सांगितलं. मामा कामावर होता, सुटल्यावर येणार होता. अप्पांनी जरा विचार केला.

"जागा न्हाई मिळाली तर बाहीर ये. म्या हितंच हाय."

मी आत गेले, तिकीट दाखवलं. काउंटरवरच्या माणसानं ते चाळलं, पहिलं पान पुन्हा बघितलं, चान्सच्या यादीत नाव लिहिलं आणि बाजूला बसायला सांगितलं. माझ्याआधी बरेच जण बसलेले होते. रांगेतली माणसं एकेक करून बॅगा देऊन पुढे जात होती. प्रत्येक माणूस बघून मला वाटायचं, हा आला नसता तर काय बिघडलं असतं? इतके वाईट विचार मी कधी केले नव्हते. रांग संपली. चान्सवाल्यांतले दोघे गेले, मग आणखी एक बाई गेली. मी उठून काउंटरला चिकटून उभी राहिले. तेवढ्यात एक कुटुंब धापा टाकत आलं, नवरा-बायको आणि दोन मुलं, आणि काउंटरवरच्या माणसानं त्यांना जागा दिल्या. सोमवारी मनिलात दुसरंच कुणीतरी माझ्या जागेवर बसणार, आणि मी परत बीदरला जाऊन सगळ्यांना काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्यानं यादीवर बोट फिरवलं. माझ्याआधीच्या माणसाचं नाव दोनदा पुकारलं. तो कंटाळून निघून गेला असावा.

"बॅग ठेवा," काउंटरवरचा माणूस मला म्हणाला. "पळा आता."

"बाहेर माझे वडील उभे आहेत, त्यांना जरा..."

"बाई, जाताय का दुसऱ्याला देऊ?"

मी पळाले. जागा तिघांच्या मधली होती, खिडकी नव्हती. विमान वर गेलं तेव्हा मला रडू फुटलं आणि बराच वेळ थांबलं नाही. बाजूच्या माणसाला वाटलं मी घाबरले.

अप्पांचं काय झालं ते मला कळायला वर्ष लागलं. जगाचा वळसा पुरा करून मी परतले, आणि ठाणाकुशनूरला बांधावर बसलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं. मामा संध्याकाळी आला, विमान केव्हाच गेलं म्हणाला, घरी चला म्हणाला. अप्पा हलले नाहीत. न जाणो, आत कुठंतरी बसवून ठेवलेली पोर उशिरा बाहेर आली तर तिला कुणी दिसायला नको का? सकाळपर्यंत ते त्या दारासमोर उभे होते.

"दार उघडलं की आधी मान खाली घालायचो," ते म्हणाले. "मग हळूच वर बघायचो. तू न्हाईस आसं दिसलं की जीव भांड्यात पडायचा. पुन्ना दार उघडायचं."

त्यांनी मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरलं.

"पोरगी येऊ ने म्हून वाट बघायची आसती व्हय कुणी? म्या बघितली."